तोंड फिरवलेल्या माणसांची चित्रं

माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी आमच्या घरात फोटोचा डबा आला. डबाच होता तो. काळ्या कातड्यानं मढवलेला, पुढे एक गोल डोळा, वर बोटाएवढी काच आणि बाजूला एक खटका. माझे यजमान महाराजांच्या सरकारात, नकाशे काढण्याच्या कचेरीत होते. त्यांच्या एका वरिष्ठांनी नवा कॅमेरा घेतला आणि बदली होऊन बंगळूरला जाताना जुना यांना देऊन टाकला. त्या दिवशी यजमान कचेरीतून घरापर्यंत जवळजवळ पळतच आले, असं सासूबाई पुढे कितीतरी वर्षं सांगायच्या.

तेव्हा म्हैसुरात फोटो काढायचा म्हणजे स्टुडिओत जायचं. मागे रंगवलेला पडदा, शेजारी एक कुंडी, आणि माणूस खुर्चीत असा बसलेला की जणू त्याला कुणी नुकतंच दरडावलंय. माझ्या सासऱ्यांचा तसा एक फोटो देवघराच्या बाहेर होता. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. यजमान म्हणायचे, "बाबा असे नव्हतेच. बाबा बोलायला लागले की हात थांबायचे नाहीत त्यांचे. हा फोटो म्हणजे बाबांचे कपडे आहेत नुसते." त्यांना स्टुडिओतला फोटो नकोच होता. त्यांना रस्ता हवा होता, रोज दिसतो तसा. घोड्यांचे जटके, हमाल, पाण्याच्या नळावरच्या बायका, उसाच्या गाड्या.

पण ते जमेना. दर रविवारी सकाळी ते डबा घेऊन दोड्ड गडियारापाशी, म्हणजे मोठ्या घड्याळाच्या मनोऱ्यापाशी जायचे. डबा पोटाशी धरून वरच्या काचेत बघायला लागले की आजूबाजूचे लोक गोळा व्हायचे. जटकेवाला रुमाल नीट बांधून घोड्याच्या शेजारी ताठ उभा राहायचा. भाजीवाली टोपली खाली ठेवून, पदर सारखा करून, हात जोडायची. मुलं पुढे येऊन ओळीत उभी राहायची. हे वैतागून ओरडायचे, "अरे, तुमचं काम करा, काम करा!" तर लोक काम करत असल्याचं सोंग आणून तसेच ताठ. शेवटी हेच थकून म्हणायचे, "अल्लाडबेडि!" म्हणजे हलू नका. आणि खटका दाबायचे.

धुतल्यावर चित्रात काय? ओळीत उभी असलेली माणसं. प्रत्येक रविवारी. सासूबाई चित्र नाकाशी धरून बघायच्या आणि म्हणायच्या, "रस्त्यात जाऊन परत स्टुडिओच काढून आणलास की रे."

फोटो धुण्याचं सगळं घरातच चालायचं. आमच्या घरात मागच्या बाजूला बाळंतिणीची खोली होती, खिडकी नसलेली. घरात बाळंतीण नव्हती, म्हणून ती खोली यजमानांनी घेतली. लाल काचेचा कंदील, तीन थाळ्या, तांब्याचं घंगाळं. औषधांच्या पुड्या बंगळूरहून यायच्या. कागद मात्र ते स्वतः तयार करायचे. कचेरीत नकाशांच्या निळ्या प्रती काढतात ना, त्याच रीतीनं. कागदाला औषध लावायचं, अंधारात वाळवायचा, मग चौकटीत काचेखाली घालून गच्चीवर उन्हात ठेवायचा आणि नंतर पाण्यात सोडायचा. पाण्यात पडला की हळूहळू निळं चित्र वर यायचं. आमच्या घरची सगळी चित्रं अशी निळी होती. निळे जटके, निळी माणसं, निळं ऊन.

घरात आम्ही चौघंच. सासूबाई, यजमान, मी आणि वन्सं. वन्सं म्हणजे यजमानांची थोरली बहीण. ते त्यांना अक्का म्हणायचे. प्लेगच्या दिवसांत वन्संचे यजमान गेले तेव्हा त्यांचं वय जेमतेम विशीचं होतं. मूलबाळ नव्हतं. दिवस झाल्यावर दीर त्यांना इथं आणून सोडून गेला, आणि नंतर कुणी विचारायलाही आलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा त्या तिशीच्या आसपास असतील. उंच, शिडशिडीत, हात कधी रिकामा नाही. आमच्यात केस काढायची रीत नव्हती, पण कुंकू, बांगड्या, फुलं सगळं गेलेलं. अंगावर फिकट लुगडं आणि डोक्यावरून पुढे ओढलेला पदर.

बाजाराचं काम त्यांच्याकडे होतं. मी नवी सून, एकटीनं बाहेर पडायचं नाही, म्हणून त्यांच्याबरोबर जायचे. पहिल्यांदा गेले तो दिवस अजून आठवतो. गल्लीच्या तोंडाशी एक गृहस्थ जरीकाठी उपरणं घेऊन कुठल्याशा कामाला निघाले होते. वन्सं दिसल्या मात्र, ते थबकले, मागे वळले आणि आपल्या जगलीवर, म्हणजे ओट्यावर, जाऊन बसले. पुढे एका बाईनं कडेवरच्या मुलाचं तोंड आपल्या खांद्यात दडवलं. मार्केटच्या दाराशी एका दुकानदाराची पहिली विक्री व्हायची होती, तो वळून भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे बघत राहिला, आम्ही पुढे जाईपर्यंत. मला वाटलं आपल्यामागे काहीतरी घडलंय. मी वळून पाहिलं. मागे काहीच नव्हतं.

"काय झालं, वन्सं?"

"कुठं काय?" त्या भिंतीच्या कडेनं, मान खाली घालून चालत होत्या. "चल. उशीर झाला की कोवळे दोडके राहत नाहीत."

माझ्या कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात भरून बांगड्या. लोक माझ्याकडे बघून हसायचे, "नवी सून काय?" म्हणून विचारायचे. आणि हाताच्या अंतरावर त्या. मला फार लाज वाटायची, कशाची ते नीट सांगता येत नाही.

एका रविवारी आम्ही दोघी मार्केटला निघालो होतो आणि यजमानही डबा घेऊन बरोबर होते. मार्केटपाशी पोचतो तोच कचेरीतला शिपाई शोधत आला. कुठलासा नकाशा साहेबांना ताबडतोब हवा होता. यजमानांनी डबा वन्संच्या हातात दिला. "अक्का, नीट घरी ने. धक्का लावू नकोस," एवढं सांगून ते गेले. वन्संनी डबा पोटाशी धरला, वरून पदर घेतला. मी मिरच्या निवडत होते. मागे बारीकसा आवाज झाला, खट्. थोड्या वेळानं परत एकदा. मी वळले तर वन्सं नेहमीसारख्याच, मान खाली घालून उभ्या.

दुसऱ्या दिवशी यजमानांनी चित्रं उन्हात काढली. पाण्यातून एकेक वर येत होतं आणि ते ओळखत होते. "हा घड्याळापाशी काढलेला. हा नळावरचा." मग एक चित्र वर आलं आणि त्यांनी ते पाण्याबाहेर काढून डोळ्यांजवळ धरलं.

त्यात मार्केटमधली फुलांची रांग होती. एक बाई पाठ खाजवत होती, तोंड अर्धं उघडं. एक म्हातारा वांगं उन्हात धरून किडकं आहे का ते बघत होता. जटकेवाला स्वतःच्याच जटक्यात पाय वर घेऊन झोपलेला. फुलवालीची लहान मुलगी टोपलीच्या मागे बसून आईच्या नकळत मोगऱ्याच्या कळ्या तोंडात घालत होती. एकही माणूस आमच्याकडे बघत नव्हता. कुणाची मान तिकडे, कुणाची खाली. पण सगळ्यांचं आपापलं चाललेलं. रस्ता होता तो, रोजचा.

"हा मी काढलेला नाही," यजमान म्हणाले.

वन्सं गच्चीवर पापड वाळत घालत होत्या. त्यांनी मागे न बघता सांगितलं, "मी काढला. सुम्ने." सुम्ने म्हणजे उगीच, सहज. आमच्या घरच्या मराठीत हा कानडी शब्द दिवसातून कितीदा तरी यायचा.

मला वाटलं आता हे रागावणार, फिल्म महाग असते. पण त्यांनी चित्र उन्हात धरलं आणि विचारलं, "अक्का, पण कसा? मी इतके महिने प्रयत्न करतोय. लोक हलत कसे राहिले?"

"मी आले की लोक तोंड फिरवतात," वन्सं म्हणाल्या. "तेवढ्यात काढायचा."

त्या रागानं बोलल्या नाहीत. दोडके कुठे चांगले मिळतात ते सांगावं तशा आवाजात बोलल्या. यजमानांच्या हातातलं चित्र ओलं होतं, त्याचं पाणी त्यांच्या धोतरावर गळत राहिलं, आणि त्यांना ते कळलंही नाही. सासूबाई जिन्याच्या तोंडाशी उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं होतं. त्या तशाच खाली गेल्या.

त्यानंतर डबा वन्संकडेच राहिला. यजमानांनी तसं कधी सांगितलं नाही, फक्त रविवारी तो मागणं सोडून दिलं. फिल्म घालून द्यायची, धुवायची, कागद तयार करायचा, एवढं ते करायचे. वन्सं भाजीच्या पिशवीत डबा घालून निघायच्या आणि मी बरोबर. वरच्या काचेत बघायला मान खाली घालावी लागते. वन्संची मान खालीच असायची, त्यामुळे त्या बघतायत हे कुणाला कळायचंच नाही. कधीकधी त्या आधीच मला सांगायच्या, "तो बघ, तो पानवाला. आता तो तोंड फिरवील आणि नेमका त्या कुत्र्याकडे बघेल." आणि तसंच व्हायचं. आम्ही दोघी पदर तोंडावर धरून हसायचो. त्यांना मी तेव्हाच पहिल्यांदा हसताना पाहिलं.

सासूबाईंनी एकदाच मला बाजूला घेऊन विचारलं, "रस्त्यात तुम्हाला कुणी काही म्हणत नाही ना?"

"नाही. कुणाला दिसतच नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "तिला जेवण चांगलं जायला लागलंय. भांडणतंटा होऊ देऊ नका."

तो झालाच, उन्हाळ्याच्या शेवटी.

ती फुलवाली आमची रोजची होती. देवाच्या पूजेला आम्ही तिच्याकडून एक मोळ फुलं घ्यायचो. मोळ म्हणजे बोटांच्या टोकापासून कोपरापर्यंतची माळ. ती माळ मोजून माझ्या हातात द्यायची. वन्संच्या हातात कधी द्यायची नाही, त्यांच्याशी बोलायचीही नाही, पण त्या समोर असताना उठून मागेही गेली नाही कधी. तिची मुलगी चारपाच वर्षांची असेल. कळ्या खायची तिला सवयच होती. वन्संना ती फार आवडायची. तिचं एक चित्र त्यांनी अगदी जवळून काढलं. मुलगी केळीच्या पानावर पालथी पडलेली, गाल हातावर, डोळे अर्धे मिटलेले, आणि ओठाला एक पांढरी पाकळी चिकटलेली. त्या वेळी फुलवालीनं मान फिरवली नव्हती. तिनं डबा पाहिला, खट् ऐकलं. माळ ओवत राहिली.

मग चारआठ दिवस तिची जागा रिकामी दिसली. आणि एका दुपारी ती आमच्या दाराशी आली. बरोबर मार्केटमधल्या दोघी बायका होत्या. केस मोकळे, डोळे सुजलेले. मी दार उघडलं तर ती माझ्याकडे न बघता आत बघत होती.

"ती कुठाय? पेट्टिगेवाली?" पेट्टिगे म्हणजे पेटी. ती कानडीत बोलत होती, आणि ओरडत नव्हती, हे मला जास्त भयंकर वाटलं.

सासूबाई बाहेर आल्या. "काय झालं गं?"

"अम्मा, माझ्या पोरीला ताप आहे. उतरतच नाही. डोळे उघडत नाही. हिनं तिला त्या पेटीत कोंडलंय. मी बघितलं माझ्या डोळ्यांनी." तोवर वन्सं माजघराच्या दारात आल्या होत्या. फुलवाली त्यांच्याकडे वळली, सरळ त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "बिट्टुबिडु. सोड तिला. तुझं काही बिघडवलं नाही तिनं."

सासूबाईंचा चेहरा लाल झाला. "माझ्या लेकीला असं बोलायचं कारण नाही. तापाचा आणि पेटीचा काय संबंध?"

"आई, थांब," वन्सं म्हणाल्या. त्या आत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात निळं चित्र होतं आणि त्या चित्राची फिल्म, कात्रीनं नीट कापून वेगळी केलेली. दोन्ही त्यांनी उंबऱ्यावर ठेवलं आणि मागे सरकल्या, हाताला हात लागू नये म्हणून. "एवढंच आहे," त्या म्हणाल्या. "दुसरं कुठे काही नाही."

फुलवालीनं चित्र उचललं. फाडायलाच उचललं होतं, दोन्ही हातांनी कडा धरल्या होत्या. मग तिची नजर त्यावर गेली. ती बघतच राहिली. तिनं आपली मुलगी रोज बघितली असेल, पण अशी, हातात धरून, मुलगी न हलता, कधी बघितली नसणार. पाठीमागची बाई म्हणाली, "फाड. फाडून टाक लवकर."

फुलवालीनं कडांवरची पकड सैल केली. तिनं वर बघितलं, दुसऱ्या कुणाकडे नाही, वन्संकडेच. "फाडलं तर," तिनं विचारलं, "पोरीला काही होणार नाही ना?"

मला आजही वाटतं, त्या क्षणी कुणी शहाणं माणूस तिला कागद म्हणजे काय, औषध म्हणजे काय हे समजावत बसलं असतं तर त्याला माझ्या सासूबाईंनी घराबाहेर काढलं असतं.

"फाडू नका," वन्सं म्हणाल्या. "जाळू पण नका. पोर तुमची आहे, तुमच्याजवळच राहू दे. उशाशी ठेवा. डॉक्टरांना दाखवलंत का?"

"अंगारा आणलाय."

"अंगारा असू दे. डॉक्टर पण येतील."

यजमान कचेरीतून आल्यावर वन्संनी त्यांना बूटही काढू दिले नाहीत. सरकारी दवाखान्यातले एक डॉक्टर त्यांच्या ओळखीचे होते. त्यांना जटक्यात घालून हे फुलवालीच्या घरी गेले. विषमज्वर निघाला. औषध दिलं, उकळलेलं पाणी आणि पेज एवढंच द्या म्हणाले, आणि पुढचं सांगता येत नाही असंही म्हणाले.

त्या दिवसांत आमचं घर फार शांत झालं. वन्संनी डबा जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर टाकला. पेज फुलवालीकडे पोचवायचं काम माझं होतं. सासूबाई ती स्वतः शिजवायच्या, पातळ, मीठ घालून. वन्सं ती भांड्यात भरायलाही पुढे यायच्या नाहीत. एका दुपारी आम्ही दोघीच तांदूळ निवडत बसलो होतो. त्या एकदम म्हणाल्या, "मला कळतं गं, असं काही नसतं. फोटोनं ताप येत असता तर तुझ्या नवऱ्यानं निम्मं म्हैसूर झोपवलं असतं."

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"पण इतकी वर्षं लोक तोंड फिरवतायत. मी मनाशी म्हणायची, फिरवा, तुमचंच तोंड दुखेल. माझ्यात काही नाहीये. आणि आता त्या पोरीला ताप आल्यावर मी सकाळी उठले आणि पहिल्यांदा काय केलं माहितीये? आरशात नाही बघितलं. मलाच माझी भीती वाटली."

मी त्यांचा हात धरला. नव्या सुनेनं थोरल्या नणंदेचा हात धरायची रीत नव्हती. त्यांनी सोडवून घेतला नाही. मग आम्ही दोघी तांदूळ निवडत राहिलो.

ताप उतरायला फार दिवस लागले. मी पेज घेऊन जायचे तेव्हा दारातूनच मुलगी दिसायची, चटईवर, इतकीशी झालेली. निळं चित्र खरंच तिच्या उशाशी होतं, वाटीखाली दाबून ठेवलेलं. मग एका सकाळी मी गेले तर ती बसली होती. केस पार गळून गेले होते, डोकं कैरीसारखं दिसत होतं. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला तो भांड्यात आज गूळ आहे का. फुलवाली चुलीपाशी होती. ती म्हणाली, "त्या अक्कांना सांगा, बरी आहे." बस्स, एवढंच. चूक झाली वगैरे काही म्हणाली नाही, आणि आम्ही तशी अपेक्षाही केली नव्हती. पण आमच्या घराबाहेरच्या कुणी वन्संना अक्का म्हटल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा वन्सं विहिरीवर होत्या. त्यांनी पोहरा तसाच अर्ध्यात लोंबकळत सोडला आणि थोडा वेळ रहाटाला टेकून उभ्या राहिल्या. मग पोहरा वर ओढला.

त्या पुन्हा मार्केटला आल्या तेव्हा पाऊस सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. डबा बरोबर नव्हता. फुलांच्या रांगेपाशी पोचलो आणि मला जाणवलं, काहीतरी वेगळं आहे. बायका बघत होत्या. वन्संकडे, सरळ. आजारातून उठलेल्या मुलीची आणि निळ्या चित्राची गोष्ट त्या रांगेत सगळ्यांना माहीत झाली होती, आणि प्रत्येकीनं ते चित्र हातात धरून बघितलं होतं. एकीच्या नजरेत अजून भीती होती, दुसरीच्या नुसती उत्सुकता. वन्संना हे कळायला वेळ लागला, कारण त्यांची मान खालीच होती. मग एक जाडजूड बाई, अबोलीवाली, मोठ्यानं म्हणाली, "अक्का, पेट्टिगे एल्लि?" पेटी कुठाय?

वन्संनी मान वर केली. "घरी आहे."

"माझं कधी काढणार?"

सगळ्या हसल्या. वन्सं इतक्या गोंधळल्या की दोडके न घेताच परत निघाल्या.

तरी डबा माळ्यावरून खाली यायला आणखी बरेच दिवस गेले. आला तो फुलवालीच्या मुलीमुळे. तिच्या डोक्यावर पुन्हा थोडे केस आले होते आणि वन्सं दिसल्या की ती "माझं केस असलेलं काढा" म्हणून मागे लागायची. तिची आई तिला ओढायची, पण फारसा जोर लावून नाही.

त्यानंतरची चित्रं यजमानांनी पाण्यातून काढली तेव्हा त्यांची पार निराशा झाली. फुलांच्या रांगेतल्या बायका ओळीनं बसलेल्या, पदर सारखे केलेले, सगळ्या समोर बघून हसतायत. अबोलीवालीनं तर नाकातली नथ दिसावी म्हणून मान तिरकी केलेली. लहान मुलगी मधोमध, केसांवर दोन्ही हात ठेवून.

"अक्का, हे काय? तुझेही माझ्यासारखेच यायला लागले," ते म्हणाले. "पहिल्यासारखे येत नाहीत आता."

"कसे येतील?" वन्सं म्हणाल्या. "आता बघतात ना माझ्याकडे. मी काय करू त्याला?"

त्यांनी ते चित्र यजमानांच्या हातातून घेतलं, ओलंच, आणि उन्हात नेऊन पुन्हापुन्हा बघत राहिल्या. यजमानांनी मग कधी तक्रार केली नाही. मला दोन्ही प्रकारची चित्रं आवडायची. आजही कुठली चांगली ते मला ठरवता येत नाही. पहिल्या चित्रांत रस्ता होता, हे खरं. वन्सं मात्र कुठेच नव्हत्या त्यात. दुसऱ्या चित्रांत त्या दिसत नसल्या तरी समोरच्या सगळ्यांच्या डोळ्यांत होत्या.

गल्लीच्या तोंडाशी राहणारे ते जरीकाठी गृहस्थ शेवटपर्यंत त्यांना बघून जगलीवर जाऊन बसत राहिले. जग काही पालटलं नाही. पण मार्केटमधला एक कोपरा होता, तिथं वन्सं भिंतीच्या कडेनं न चालता मधून चालायच्या.

पुढे मला मुलं झाली, बाळंतिणीची खोली बाळंतिणीकडे परत आली, आणि चित्रं धुण्याचा उद्योग स्वयंपाकघराच्या मागच्या बोळात, काळी घोंगडी टांगून चालायला लागला. लढाई सुरू झाली तशी बंगळूरहून फिल्म येईना. आली तरी जुनी, डाग पडलेली. शेवटी एका पावसाळ्यात डब्याच्या काचेवर आतून बुरशी चढली आणि तो बंदच पडला. वन्संनी दुसरा मागितला नाही. यजमान घ्यायला तयार होते.

आता मी जयलक्ष्मीपुरमात मुलाकडे राहते. नातवंडांना हे सांगितलं की ती म्हणतात, चित्रं दाखव ना. दाखवायला फारशी नाहीत. ज्याचं चित्र त्याला नेऊन द्यायचं, हा नियम वन्संनी फुलवाली दाराशी आली त्या दुपारनंतर स्वतःला घालून घेतला आणि कधी मोडला नाही. जटकेवाला, पानवाला, वांगं बघणारा म्हातारा, सगळ्यांना त्यांनी शोधून काढून त्यांची चित्रं दिली. म्हातारा वारला होता, तर त्याच्या सुनेला दिलं. फिल्मसकट. माझ्याकडे एक गाईचं राहिलंय आणि एक रिकाम्या रस्त्याचं, ज्याच्यावर कुणी हक्क सांगितला नाही.

एकदा मी त्यांना म्हटलं होतं, "वन्सं, एखादं तरी स्वतःसाठी ठेवायचं होतं. आठवण म्हणून."

त्या शेंगा सोलत होत्या. "मला कशाला?" त्या म्हणाल्या. "मी तिथं होतेच की."